ताईची करंगळी

माझ्या ताईनं एकेकाळी पियानोवर मोठमोठे हॉल गाजवले. मग तिच्या उजव्या हाताची करंगळी पट्ट्यांवर टेकली की आपोआप आत वळायला लागली. कप धरताना काही नाही, सगळे नखरे पियानोवरच! डॉक्टरांनी हात टेकले. ताईनं कार्यक्रम बंद केले आणि ती विद्यापीठात शिकवू लागली. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. मलाही दम भरला, "तोंड उघडलंस तर बघ!"

वर्गात वाजवून दाखवताना ती करंगळीचं काम शेजारच्या बोटावर ढकलायची, आणि ते लपावं म्हणून मनगट झोकात बाहेर फिरवायची.

परवा तिच्या विद्यार्थ्यांची परीक्षा होती. मी मागे बसलो होतो. पहिल्या मुलीनं अवघड जागा येताच मनगट झोकात फिरवलं आणि करंगळी आत दुमडली. दुसऱ्या मुलानंही तेच केलं. तिसरीनंही तेच. एकेकाचे हात धडधाकट, आणि उजव्या हाताची चारच बोटं वापरतायत!

बाहेरून आलेले परीक्षक मात्र जाम खूश. "मॅडम, तुमची शैली मुलांनी अगदी जशीच्या तशी उचललीय."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता तरी ही बया खरं बोलेल.

तिनं उजवा हात कोटाच्या खिशात घातला आणि म्हणाली, "हो, खूप मेहनत घेतलीय मी त्यांच्यावर."