रंगाखालची भेग
ऑइलपेंटचा वास आला की मला कळंबजवळची ती कापसातली सरकी काढणारी जिनिंग आठवते. कपाशीची वाईट वर्षं होती. कापसाच्या गाड्या तुरळक येत, त्यामुळे यंत्रं दिवसातून कितीदा तरी चालू-बंद होत. मी आणि माझी शेजारीण त्यांत कापूस टाकायचो. एका दुपारी ती पाणी प्यायला उठली आणि बार उडाल्यासारखा आवाज झाला. डोक्यावरचा, सगळी यंत्रं फिरवणारा लोखंडी शाफ्ट तुटून त्याची जड पुली तिच्या पाटावरच आदळली होती. पाटाचा चुरा झाला. रुई हवेत तरंगत होती आणि ती हातात गडवा धरून दारात तशीच उभी. फिटरनं शाफ्टचं तुटलेलं तोंड आम्हाला दाखवलं. मधला थोडा भाग ताज्या रव्यासारखा चमकत होता. बाकी सगळं गुळगुळीत, काळपट, लाटांसारख्या वळ्यांचं. तो म्हणाला, "हा आज नाई तुटला, बाई. दर चालू-बंदले भेग केसभर आत सरकून राह्यली होती." मग भेगेत उतरलेला रंग दिसला. वर यंदाचा लाल, त्याच्याखाली हिरवा. मालक दर दसऱ्याला यंत्रांना नवा रंग देत आणि आम्ही बाया त्यावर हळदकुंकू वाहायचो. "हिरवा तं मागच्या दसऱ्याचा," शेजारीण पुटपुटली, "म्हंजे आपन भेगेलेच कुंकू लावून राह्यलो होतो?" आता दसऱ्याला नातू मोटारसायकल चकाचक करून आणतो, आणि कुंकवाचं बोट टेकवताना माझा हात थांबतो.