वरची ओळ, खालची ओळ

नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये जन्मभर ओरडून कामं करवून घेणारा हा माणूस एकदम गप्प झाला. बडोद्यात सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरात पलंग खिडकीशी, आणि खिडकीबाहेर बाल्कनीची कोरी भिंत. दिवसभर तिच्याकडे बघत पडायचे. चहा आणू? "हं." पंखा वाढवू? "हं." त्या "हं"ने माझं डोकं फिरायचं. देवाशप्पथ, भांडण परवडलं!

मी मुळात स्वस्थ बसणारी बाई नाही. म्हटलं, त्या भिंतीवरच झाडं लावते, निदान डोळ्यांना हिरवं तरी दिसेल. कापडी खिशांच्या चार ओळी टांगल्या, खिशाखिशात बागेतली माती ठासली. पहिल्याच पाण्यात खिसे लोंबले, चिखल खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर ओघळला आणि तिथल्या गुजराती बेन तणतणत वर आल्या, "मारां कपडां बगाड्यां!" म्हणजे कपडे खराब केले म्हणून.

माती उपसली. नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून नुसतं कोकोपीट भरलं, नारळाच्या काथ्याचा भुसा. हलकं खरं, पण बडोद्याचा मे महिना! सकाळी पाणी घालावं तर दुपारी वरची झाडं माना टाकलेली. मी आणखी पाणी ओतायची. दर तासाला उठून बोट खुपसून बघायची. ही झाडं यांच्या डोळ्यांदेखत वाळली तर हे पार खचतील, ही एकच धास्ती.

शेवटी सगळंच पुन्हा उपसायचं ठरवून स्टुलावर चढले.

"अगं थांब! काय धसमुसळेपणा चाललाय?"

हातातलं खुरपं खाली पडलं.

"पाणी वरून खाली उतरतं. वरची ओळ वाळते, खालची कुजते. महिनाभर बघतोय मी. आणि तू मेली सगळ्यांना एकच भरतेस! वरच्यांत कंपोस्ट जास्त घाल, ओल धरेल. खालच्यांत विटेचा चुरा मिसळ, पाणी निथळू दे. एवढी साधी अक्कल नाही?"

"महिनाभर बघत होतात, तर तोंड शिवलं होतं का?" मीही कडाडले.

"तू विचारलंस कधी? चहा, पंखा! चहा, पंखा!"

मला रडूच फुटलं. पदराने डोळे पुसत खाली उतरले, कोकोपीटचं घमेलं पलंगाशी आणून आदळलं आणि म्हटलं, "घ्या, तुम्हीच कालवा."

पडल्या पडल्या त्यांनी हात घातला, मूठभर भुसा दाबून बघितला.

"कोरडं आहे," ते म्हणाले. "आधी तो पंखा बंद कर, सगळं उडतंय."