हौसाबाईंच्या मागे कोण

रिहे गावच्या हौसाबाई उंबरा ओलांडण्यापूर्वी थांबायच्या, मान न वळवता "सोड रं" म्हणायच्या आणि मगच पाऊल उचलायच्या. मागे कुणी नसायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मागे नुसतं रिकामं माजघर होतं. मी ते दोनदा पाहिलं.

मी पौडला फिजिओथेरपीचं काम करते. ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे स्कूटरने जाते. हौसाबाईंची कंबर कित्येक वर्षं दुखत होती. त्यात वर्षभरात तीनदा पडल्या, तिन्ही वेळा मागच्या मागे. "कंबरंला धरून वढतंय कुनीतरी," त्या सांगायच्या. घाबरून नाही, शेजारची कोंबडी अंगणात येते असं सांगावं तशा.

त्यांचा मुलगा दत्तू भुकूमला फ्लॅटमध्ये राहतो. त्याने चौकटीला लिंबू बांधलं आणि आईला खाटेवरून हलायला बंदी केली. ताट-पाणी शेजारीण हातात द्यायची. आणखी एकदा पडली तर घराला कुलूप आणि आई भुकूमला, हेही ठरवून टाकलं.

"मला न्हाई जायचं," हौसाबाई म्हणाल्या. "हितला वढनारा निदान वळखीचा हाय."

मी त्यांच्या पोटऱ्या पाहिल्या. मनगटाएवढ्या उरल्या होत्या. कंबर दुखते म्हणून माणूस बसून राहतं, बसून पाय बारीक होतात, पाय डळमळले की तोल सावरताना कंबर आखडते आणि आणखी दुखते. हे मी दत्तूला सांगितलं. "लिंबू राहू दे, पण एक खुर्ची आण."

पहिल्या दिवशी खुर्चीवरून हात न टेकता त्यांना एकदाही उठता आलं नाही. मग चौकट धरून एका पायावर उभं राहणं सुरू केलं.

"बगळ्यावानी उभं ऱ्हायाला शिकवाया पौडास्नं येता व्हय, बाई?"

"बगळा पडलेला पाहिलाय का, मावशी?"

"न्हाई बा," म्हणाल्या, आणि दुसरा पाय उचलला.

भात निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या सुमारास दत्तू टेम्पो घेऊनच आला. ताट देणारी शेजारीण त्याला म्हणाली होती, आई अजून कुणाशी तरी बोलते. भर दुपारी अंगणात पावसाळी धुकं उतरलं होतं, टेम्पोही नीट दिसत नव्हता. हौसाबाई काही न धरता उंबऱ्याशी एका पायावर उभ्या राहिल्या. मी दहापर्यंत मोजलं. मग त्या "सोड रं" न म्हणताच उंबरा ओलांडून अंगणात आल्या. दत्तूने टेम्पो रिकामाच परत नेला. पुढे दोन वर्षं त्या तिथेच राहिल्या आणि झोपेतच गेल्या. पडल्या मात्र नाहीत.

त्या दुपारी मी निघताना त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होत्या.

"त्यो आता माज्यामागं न्हाई," म्हणाल्या.

"बरं झालं की."

"तुमची कंबर कवापास्नं दुखतीया?"

तीन महिने दुखत होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. मागे वळून न बघता मी स्कूटर सुरू केली. घरी आल्यावर दार लावलं आणि भिंतीपासून लांब, एका पायावर उभी राहून मोजू लागले.

चारला मागच्या मागे गेले.