वरची खोली खाली आहे

मी इंदूरला गेले ती भांडायला. पोहे-जिलबीच्या ओढीने बेत आखणाऱ्यांसाठी पुढे माहिती आहेच, पण आधी भांडण ऐका.

दोन वर्षं मी पुण्यातून आणि तन्मय इंदुरातून, एकमेकांना फाइल्स पाठवत एक अल्बम करत होतो. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. मी संथ, तरंगत राहणारे आवाज जमवते: पंख्याची घरघर, वाळत घातलेल्या कपड्यांचं ठिबकणं. तन्मय दिवसा ऑफिसात कोडिंग करतो आणि उरलेल्या वेळात नाचायला लावणारं इलेक्ट्रॉनिक संगीत. त्याचा बीट माझ्या आवाजांत शिरला की पाय ऐकतच नाहीत, हे मी रागात असतानाही कबूल करीन. सातपैकी सहा ट्रॅक झाले होते. सातव्यात माझ्या बाबांच्या पेटीचा नुसता भाता होता. बाबांनी जन्मभर पेटी शिकवली. आता त्यांची बोटं वळत नाहीत, म्हणून ते भाता तेवढा हलवत बसतात. पेटी जुनी, हवा धरत नाही. त्या हवेची ये-जा मी रेकॉर्ड केली होती. त्यावर तन्मयचा मेसेज आला: 'चौथ्या मिनिटापासून खाली ठेवू, फक्त भाता.'

म्हणजे याचा बीट वर आणि माझे बाबा खाली? डोकंच फिरलं माझं. 'तुझा बीटच राहू दे' असं लिहिलं आणि त्याचे फोन उचलणं बंद केलं. दोन महिने असेच गेले. शेवटी बाबा म्हणाले, अल्बम मोडायचाच असेल तर समोर बसून मोड. म्हणून निघाले.

पुण्याहून संध्याकाळची स्लीपर बस धरली. बारा-चौदा तास धरून चाला. धुळ्याच्या पुढे सेंधव्याचा घाट लागतो, पोट नाजूक असेल तर वरचा बर्थ घेऊ नका. मी घेतला आणि पस्तावले. स्टेशनजवळ स्नेहलतागंजात मुद्दामच लॉज बघून ठेवलं होतं, बिनसलं तर पळायला सोपं. पण खोली बाराच्या आधी मिळेना. मग बॅग खांद्यावर टाकून कोपऱ्यावरच्या गाड्यावर पोहे खाल्ले. वाफेवर ठेवलेले मऊसूत पोहे, वर शेव, कांदा आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला, शेजारी गरम जिलबी. पोह्यांसोबत जिलबी म्हटल्यावर माझ्यातली पुणेकर नाक मुरडणार होती, पण दुसरी प्लेट तिनेच मागितली. दोन्ही प्लेटा मिळून शंभराच्या आत.

रिक्षाने जुन्या इंदुरात पोचले. तन्मयच्या आईने दार उघडलं. संस्थानच्या काळात इथे आलेलं घराणं, आता मराठीत निम्मी हिंदी मिसळलेली. तन्मय दही आणायला गेला होता.

"ये, ये. वरची खोली खाली आहे, सामान तिथेच ठेवून दे," काकू म्हणाल्या.

मी खालच्या खोलीकडे वळले. तिथे नाही, वरची, त्या म्हणाल्या. मी जिना चढले, तर पुन्हा म्हणाल्या, हां, तीच, खाली आहे ना ती. मी दोन पायऱ्या उतरले. प्रवासाने पोरीचं डोकं फिरलंय असं त्यांना वाटलं असणार. हाताला धरून त्यांनी मला वर नेलं आणि दार ढकललं. आत एक पलंग, बाकी काही नाही.

"अगं, खाली म्हणजे खाली. कुणी राहत नाही इथे."

खाली म्हणजे रिकामी. मी फोन काढून तन्मयचा तो मेसेज पुन्हा वाचला.

तन्मय आला. दह्याची पिशवी अजून हातातच होती आणि मी नमस्कार-चमत्कार न करता थेट विचारलं, चौथ्या मिनिटाला तू नक्की काय खाली ठेवणार होतास?

"सगळंच, भिया." इंदुरात मुलीलाही भियाच म्हणतात. "बीट, बेस, सगळं बंद. फक्त काका राहणार होते." मग म्हणाला, "तू लिहिलंस बीट राहू दे. मला वाटलं, काकांना एकटं सोडायचं नाहीये तुला. मग मी काय बोलणार?"

मला रडू आलं. आपण दोन महिने एका चांगल्या माणसाला उगाच शिव्या घातल्या, याची लाज वाटली. काकूंनी दही-साखर पुढे केली आणि लॉज रद्द करायला लावलं.

दुपारभर आम्ही त्याच खोलीत ट्रॅक उघडून बसलो. तन्मयचं काम बघत राहावं असं आहे. त्याने बीट एकदम तोडला नाही. आधी झांजा काढल्या, मग बेस, आणि ज्या ठिकाणी पुढचा ठोका हवाच असं वाटतं, नेमका तिथे तो दिलाच नाही. भाता एकटा उरला. इतका नाजूक हात मी नाचाच्या संगीतात आजवर ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यावरून चालत सराफ्यात गेले, तेही दुपारी. खाण्याच्या गाड्या तिथे रात्री लागतात, दिवसा सोन्याची दुकानं. दहा मिनिटं बांगड्या बघून उपाशी परतले. तुम्ही जेवणाआधी नका जाऊ, जेवणाऐवजी जा, आणि अंधार पडल्यावर.

पुण्याला घरी आल्यावर स्पीकरवर सातवा ट्रॅक लावला. बाबा आरामखुर्चीत, उजव्या तळव्याने गुडघ्यावर ठेका धरत होते. मेसेजचा घोळ मी त्यांना अजून सांगितला नव्हता. चौथं मिनिट आलं, बीट गेला, खोलीत फक्त भाता. बाबांनी गुडघ्यावरचा हात उचलला आणि तळवा वर करून तसाच उघडा धरला. तालात खाली, म्हणजे रिकामी जागा, आली की हात असाच दाखवतात, टाळी द्यायची नसते. मी सात वर्षांची असताना हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पेटीवाल्याची पोर मी, आणि मला तो शब्द वाचता आला नाही.

हात तसाच धरून बाबा म्हणाले, "खाली छान ठेवलीय पोराने."