बटण बंद केलं काय?

नागपूरहून घासाईची जुनी मशीन आणली तेव्हा भाऊ म्हणाला होता, "आता जरा आराम पडन हाताले." भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. आराम कुठला! हाताने घासायला आठ दिवस लागत ते काम दोन दिवसांत व्हायला लागलं, म्हणून आम्ही चौपट काम घेतलं आणि चौपट दमलो. माणसाची खोड, दुसरं काय.

बालाघाटला घरामागेच आमचं सुतारकामाचं पत्र्याचं शेड होतं. जोडकाम आणि नक्षी भाऊची, घासाई माझी. मोटरीवर फिरणारी उभी लोखंडी तबकडी, तिच्यावर सरसाने चिकटवलेला पॉलिश पेपर आणि पुढ्यात लाकूड ठेवायला टेबल, एवढीच ती मशीन. तबकडीचा जो अर्धा भाग खाली जातो त्याच बाजूला लाकूड टेकवायचं. दुसरीकडे टेकवलं तर ते उसळून तोंडावर येतं. बाह्या वर, हातात अंगठी नाही, नाकावर ओला दुपट्टा आणि त्याची टोकं बनियनात खोचलेली. तरी सागाची भुकटी घशात जायचीच. रात्री भातसुद्धा कडू लागायचा.

हे सगळे नियम भाऊचे. त्यातला पहिला म्हणजे लाइट गेली की आधी बटण बंद. आमच्याकडे लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नव्हता. बटण माझ्या बाजूच्या खांबावर होतं, म्हणून ते काम माझ्याकडे.

भाऊच्या एका सवयीची मात्र मला चीड यायची. संध्याकाळचा दिवा दिसला की हातातलं टाकून तो हात जोडायचा. डोळे मिटून, अगदी सावकाश. इकडे काम तुंबलेलं आणि याचा नमस्कार चाललेला. मी मनात म्हणायचो, देवा, याला जरा घाई दे.

त्या दिवशी कचेरीच्या खुर्च्या पुऱ्या करायच्या होत्या. सकाळपासून हत्ते घासून माझ्या खांद्यांत जीव उरला नव्हता. दिवस मावळता मावळता लाइट गेली. तबकडी हळूहळू थांबली आणि मी होतो तिथेच भुशावर बसलो. पेपर झिजला होता. तेवढ्यात नवा लावून घ्यावा म्हणून भाऊ पटाशी घेऊन तबकडीपाशी आला.

"बटण बंद केलं काय?"

"हौ," मी म्हणालो.

केलं नव्हतं. खांब चार हातांवर होता. उठू एवढ्यात, असं वाटलं. खरं सांगायचं तर तेवढंही वाटलं नाही, तोंडातून नुसतं हौ निघून गेलं.

भाऊने डावा हात तबकडीवर दाबून धरला आणि उजव्याने जुना पेपर खरवडायला लागला. एवढ्यात वहिनी कंदील घेऊन दारात आली. भाऊने पटाशी तबकडीला लागूनच टेबलावर ठेवली, दाराकडे वळला आणि हात जोडले.

तेव्हाच लाइट आली. बल्ब पेटला, मोटर घुमली आणि तबकडीने टेबलावरची पटाशी उडवून पत्र्यावर आपटली. पत्र्याला भोक पडलं. भाऊचे हात अजून जोडलेलेच होते.

मी धडपडत उठलो आणि बटण बंद केलं. तबकडी थांबायला वेळ लागतो. ती थांबेपर्यंत आम्ही तिघंही तिच्याकडे बघत उभे होतो.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. लाइट आली," भाऊ म्हणाला.

त्याने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी वाट पाहिली. त्याने पटाशी उचलली, धार पाहिली आणि दुसऱ्या कामाला लागला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्याच्या बोटांवर आमचं सगळं घर चालत होतं, आणि मी ती चार हातांच्या आळसापायी पणाला लावली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाइट गेली. मी ताडकन उठलो, पण भाऊ माझ्याआधी खांबापाशी पोचला होता. त्याने स्वतःच बटण बंद केलं.

"बस तू. थकला असशीन," तो म्हणाला, तेही मायेनंच.

त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही त्या शेडात सोबत काम केलं. बटण बंद केलं काय, असं त्याने मला पुन्हा कधी विचारलं नाही.