घरमालकांचं नाक

माझ्याआधी आमच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि मीही मेकॅनिकलच्या दुसऱ्याच वर्षाला आहे. तेव्हा एखाद्या माणसाविषयी लिहायचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण चिखलीतल्या आमच्या घरमालक काकांइतकं इंजिन ऑइलचं ज्ञान अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये कोणाला नाही, असं ते स्वतःच सांगत. एवढा भक्कम पुरावा असल्यावर कोणीतरी ते लिहून ठेवायलाच हवं.

शेताचे प्लॉट पडले, खोल्या भाड्याने गेल्या आणि काकांना दिवसभर नाक मोकळं उरलं. गल्लीत जुनी गाडी शिरली की काका ती थांबवत, तेलाचा थेंब अंगठ्या-बोटात चोळत, डोळे मिटून हुंगत आणि बोट घराच्या भिंतीला पुसत. ती भिंत पूर्वी पिवळी होती, असं जुने भाडेकरू सांगतात. निदान मात्र कायम एकच. धूर येतो? "घट्ट घाल." सकाळी सुरू होत नाही? "घट्ट घाल." एकाचा हॉर्न वाजेना, तेव्हाही काकांनी आधी तेलच हुंगलं. एकदा मी भीत भीत गाडीसोबत आलेलं पुस्तक दाखवलं, त्यात पातळ तेल सांगितलं होतं. काका म्हणाले, "इंजिनेर, पुस्तक लिवलं तवा इंजिन तरणं व्हतं. आता त्ये माझ्या वयाचं हाय. पातळ आमटीवर माझा तरी दिस निघंल व्हय?" आमच्या अभ्यासक्रमात याचं उत्तर नाही.

काकांच्या स्वतःच्या मोटरसायकलवर अजून काकूंनी शिवलेलं सीटचं कव्हर होतं. काकू गेल्या, कव्हर राहिलं. गाडीच्या नोंदणीची मुदत संपली तेव्हा त्यांच्या तापट मुलाने बजावलं, "एकदाच तपासणीला न्या. नापास झाली की भंगारात." त्या संध्याकाळी काका आमच्या दारात आले. "इंजिनेर, तूच सांग, कुठलं घालू?"

मला आभाळ ठेंगणं झालं. दोन दिवस मोबाइलवर वाचून मी आकुर्डीहून येताना एक डबा आणला. तेल घट्ट होतं, शिवाय महाग, म्हणजे चांगलंच असणार. काकांनी तो न हुंगता ओतला. मी म्हणालो, "हुंगा की काका." तर म्हणाले, "शिकल्याल्या पोरानं आनल्यालं तेल हुंगायचं आसतं व्हय?"

चार दिवसांनी तपासणीच्या मैदानात साहेबांनी गाडीची मूठ पिळली. इंजिन गरजलं, गाडी मात्र वरातीतल्या घोड्यासारखी, पुढे जायचं नावच घेईना. नापास. काका म्हणाले, "क्लचच्या प्लेटा झिजल्या व्हत्या रं." मीही जाणकारासारखी मान हलवली. गाडी भंगारात गेली, सीटचं कव्हर तेवढं काकांनी काढून घेतलं. आता ते मुलाच्या विजेच्या स्कूटरवर मागे बसून देवळात जातात. तिला तेलच लागत नाही. उतरल्यावर नुसतंच अंगठा आणि बोट चोळत उभे राहतात.

गेल्या आठवड्यात वडिलांच्या गाडीचं तेल बदलायला गॅरेजवाल्या चाचांकडे गेलो आणि मोठ्या ऐटीत त्याच तेलाचं नाव सांगितलं.

"अरे बेटा, ते चारचाकीचं तेल! बाइकचा क्लच तेलातच फिरतो, ते घातलं की सटकणारच. तुझ्या काकांची गाडी त्यानेच तर गेली."

मी विचारलं, "काकांना माहीत आहे?"

"नापास झाली त्याच दिवशी गाडी इथे आणली, तेल काढून हुंगलं. एका हुंगण्यात ओळखलं. मी म्हटलं, तेल बदलून परत न्या, पास होईल. तर म्हणाले, माझा पोरगा इचारंल नापास कशानं झाली, तेल कुनी आनलं, आनि इंजिनेरच्या घरच्यांना खोली खाली करायला लावंल. परीक्षा जवळ आलीय, म्हणाले, इंजिनेरला यातलं काय सांगू नगं."

चाचांनी फळीवरून काकांनी तिथेच सोडलेला, मी आणलेल्या तेलाचा डबा काढला. त्यावरचं चारचाकीचं चित्र कोणीतरी नखाने खरवडून टाकलं होतं. शेजारी काळ्या तेलात एक अंगठा उमटलेला होता.