अष्टगंध लागलेली जास्वंद

चित्र एकही आलं नाही.

आज कुरियरने आलं ते एवढंच : ब्रशांचा डबा, पिळून चपट्या झालेल्या रंगाच्या ट्यूबा, रंग पुसायचा जुन्या साडीचा तुकडा. कुरियरचे एकशे दहा रुपये. ते जयूने भरले.

जयू माझी पुतणी, कोपरीला असते. तिची आई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, शैलावहिनी. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

फोनवर जयू म्हणाली, "काकू, आईने सगळी वाटून टाकली गं. माझ्याकडे एकही नाही."

मला एक आठवतंय.

गौरी-गणपतीला वहिनी आमच्याकडे डोंबिवलीला आलेल्या. सकाळी मी देवावरची कालची फुलं उतरवली.

"टाकू नकोस गं. आजचा दिवस दे मला."

निर्माल्य तांब्यात खोचलं. जास्वंद, शेवंती, तेरडा. आणि देवघरासमोरच फतकल मारून बसल्या.

ब्रश टेकवायचा, मनगट वळवायचं. झालं फूल!

मी म्हटलं, "वहिनी, जास्वंदीला पाकळ्या पाच असतात."

"मोजायला तू आहेस की!"

बोलण्याच्या नादात ब्रश पाण्याऐवजी अष्टगंधाच्या वाटीत गेला.

"अहो वहिनी, देवाचं गंध ते!"

त्यांनी ब्रशाकडे पाहिलं. मग हसल्या. "फूलही त्याचंच ना?"

आणि ओल्या लाल रंगातून तो केशरी ब्रश एका दमात वर ओढला. जास्वंदीचा मधला तुरा!

जवळून बघितलं तर नुसते फराटे. स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं तर कालची जास्वंद, मान टाकलेली, तरी देवाकडेच बघणारी.

माझे हात आपोआप जोडले गेले. मी रोज फुलं वाहते. फूल असं कधी बघितलंच नव्हतं.

संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या कुणाला तरी ते आवडलं. वहिनींनी लगेच देऊन टाकलं. कुणाला, ते मला आठवत नाही.

सही नाही त्यावर. सही करा म्हटलं की म्हणायच्या, "फुलं काय मी केली?"

त्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्याजणी इथे ग्रुपवर आहात. भिंतीवर, कपाटात, गादीखाली बघा. लाल जास्वंद, मध्ये केशरी फराटा. नाक जवळ न्या, अजूनही गंधाचा वास येत असेल.

परत नको आहे. दिलेलं ते दिलेलं. जयूला फक्त एकदा त्याच्यासमोर उभं राहायचंय.

वहिनी, तुमच्या हाताला नमस्कार.

कुणाकडे आहे, तेवढं उलट टपाली कळवा.